'मुलींनाच टेन्शन जास्त' असं सर म्हणतात

नमस्कार ताई,

मी कळव्याला राहते, वय २७. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. जर्मनीला जायचं म्हणून ठाण्यात स्टेशनजवळच्या एका क्लासला जर्मन शिकतेय. धाकटा भाऊ डिप्लोमा मेकॅनिकल आहे, तोही माझ्यासोबतच क्लासला लागला होता. बी-वनच्या, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या, वेळी त्याने सोडला, 'नंतर बघू' म्हणतो. मी परीक्षा दिली. वाचन ८३, लेखन ७९, ऐकणं ७३ आणि बोलणं ५१. स्पीकिंग राहिलं. पार्टनर म्हणून आलेला मुलगा धडाधड बोलत होता आणि मी नुसती मान डोलवत बसले. जिना उतरताना सगळी वाक्यं आठवली.

सर वर्गात म्हणाले, 'मुलींना टेन्शन जास्तच असतं. मुलांकडे बघा, चुकलं तरी बिनधास्त ठोकून देतात.' भाऊ कधीच घाबरलेला दिसला नाही. तो म्हणतो, तुला लोड घ्यायची सवयच आहे. अभ्यासात मी कमी पडत नाही. ट्रेनमध्ये इअरफोन लावून ऐकते, घरी दोन खोल्यांत पाच माणसं म्हणून मनातल्या मनात वाक्यं म्हणते. पण सरांनी माझं नाव घेतलं की घशाला कोरड पडते.

हे खरंच मुलींचंच असतं का? स्वभावातच असेल तर नाद सोडून द्यावा का? वॉर्डातली मैत्रीण म्हणते, परीक्षेआधी धडधड थांबायची गोळी घे. घेऊ का? मुळात माझं जर्मनच कच्चं आहे असं वाटतं.

— एक वाचक, कळवा

*

तुला 'तू' म्हणते, चालेल ना?

गोळीचा विषय आधी संपवू. मैत्रीण सांगतेय ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असणार. दमा असलेल्याला ती महागात पडू शकते, नाडी किंवा बीपी मुळात कमी असेल तरीही. हे तू दुसऱ्या कुणाला सांगितलं असतंस, पण स्वतःवर वेळ आली की नर्सही शेजारणीचा सल्ला ऐकते! डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी. मैत्रिणीच्या पर्समधून नको. शिवाय त्या गोळीने धडधड थांबेल, वाक्य काही तोंडात येणार नाही, आणि तुझं अडलंय ते वाक्यापाशी.

आता तुझे मार्क. गोएथे या जर्मन संस्थेच्या बी-वन परीक्षेला चार सुटे भाग असतात, प्रत्येक शंभराचा, प्रत्येकात ६० हवेत. राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. म्हणजे तुझे तीन भाग खिशात आहेत आणि चौथा नऊ मार्कांनी हुकलाय. परक्या भाषेत पत्र लिहून ७९ मिळवणारी मुलगी 'माझं जर्मन कच्चं' म्हणते, यात मला नवल वाटत नाही. कॅनडातल्या मॅकिन्टायर, नोएल्स आणि क्लेमाँ या अभ्यासकांनी १९९७ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी भाषक तरुणांना त्यांनी विचारलं, फ्रेंचमध्ये तुम्हाला काय काय जमतं? आणि तीच कामं त्यांच्याकडून करूनही घेतली. ज्यांना भाषेची धास्ती जास्त, त्यांनी स्वतःला आहे त्यापेक्षा कमी लेखलं होतं. ज्यांना धास्ती कमी, ते उलट थोडं चढवून सांगत होते. तेव्हा स्वतःच्या जर्मनबद्दलच्या तुझ्या मताला मी भाव देणार नाही. गुणपत्रिकेला देईन. भावाच्या 'मला काही वाटत नाही' यालाही तेवढाच भाव.

सरांचा हेतू वाईट नसेल. पण भरल्या वर्गात 'मुलींना टेन्शन जास्त' म्हटलं की मुलींना घाबरायला आणखी एक कारण मिळतं आणि मुलांची घाबरण्याची सोयच जाते. शिवाय सरांचं म्हणणं पुराव्याला धरून आहे का, तेही बघू.

परकी भाषा शिकतानाची ही धास्ती परीक्षेच्या एरवीच्या भीतीपेक्षा वेगळी आहे, हे १९८६ मध्ये इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोअॅन कोप या अमेरिकन अभ्यासकांनी मांडलं. त्यांनी ३३ विधानांची एक प्रश्नावली केली. वर्गात आता मला विचारणार हे कळलं की मी थरथरते, मी बोलले तर बाकीचे हसतील अशी भीती वाटते, तयारी नसताना शिक्षकांनी विचारलं की गांगरते, अशी विधानं. प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत' ते 'अजिबात नाही' यातलं काहीतरी निवडायचं. तुझ्या घशाची कोरड या प्रश्नावलीत अगदी चपखल बसते. जगभर हजारो विद्यार्थ्यांनी ती भरली आहे आणि त्यातून मुलगे-मुली हा हिशेबही लोकांनी पुन्हा पुन्हा मांडला आहे.

हिशेब जुळत नाही. कोरियात ९४८ कॉलेज विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात मुलींनी जास्त धास्ती नोंदवली. सर खूश होतील. पण त्याच अभ्यासात मुलींचे मार्कही मुलांपेक्षा चांगले होते आणि जास्त धास्ती असलेल्यांचे मार्क कमी धास्तीवाल्यांपेक्षा वर होते. (सगळीकडे असं नसतं. बहुतेक अभ्यासांत धास्ती वाढली की मार्क घसरतात.) अमेरिकी लष्कराची कॅलिफोर्नियात भाषा शिकवणारी संस्था आहे. तिथल्या १९९४ च्या एका अभ्यासात वर्गात परकी भाषा बोलायला पुरुष बायकांपेक्षा जास्त घाबरत होते. लष्करातले पुरुष! आणि काही ठिकाणी काहीच फरक सापडला नाही. मला सगळ्यात आवडतो तो २०१६ चा अभ्यास, डेवाले आणि मॅकिन्टायर वगैरे मंडळींचा. देशोदेशीच्या सतराशेहून जास्त विद्यार्थ्यांना त्यांनी धास्तीबरोबर वर्गातल्या मजेबद्दलही विचारलं. मुलींनी चुकांची काळजी जास्त असल्याचं सांगितलं आणि मजाही जास्त येत असल्याचं सांगितलं. दोन्ही एकदम. तुझ्या पत्रात मजेबद्दल एक शब्द नाही, पण मजा येत नसती तर ड्यूटी करून कुणी ट्रेनमध्ये जर्मन ऐकत बसलं नसतं.

या सगळ्यात एक मेख आहे. प्रश्नावली ज्याची त्याने भरायची असते. 'मी थरथरतो' याच्यापुढे खूण करायला आपल्याकडच्या किती मुलांचा हात धजावेल? लहानपणी पडला आणि रडला की 'मुलीसारखा काय रडतोस' ऐकलेला मुलगा वीस वर्षांनी कागदावर खरं लिहील याची मला खात्री नाही. मुलींना 'भीती वाटते' म्हणायची मुभा असते, मुलांना नसते. त्यामुळे कागदावरच्या फरकात घाबरण्याचा वाटा किती आणि कबूल करण्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड जातं.

म्हणून तुझ्या भावाबद्दल दोन शब्द, तू विचारलं नाहीस तरी. बी-वनच्या तोंडावर त्याने क्लास सोडला. 'नंतर बघू.' महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी २०२४ मध्ये करार केल्यापासून त्याच्यासारखी डिप्लोमावाली मुलं जर्मन शिकायला धावतायत, आणि हा आहे ते सोडतोय. २००१ मध्ये कितानो यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांत जपानी शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. आपलं बोलणं बाकीच्यांपेक्षा कमी आहे असं वाटणाऱ्या मुलग्यांची धास्ती जास्त होती. मुलींच्या बाबतीत असा संबंध दिसला नाही. आता तुझ्या वर्गाचं चित्र डोळ्यांपुढे आण. शेजारच्या बाकावर सख्खी बहीण, जिला लेखनात असे मार्क पडतात, आणि सर म्हणतायत मुलगे बिनधास्त असतात. तो कुठल्या तोंडाने सांगेल की मला येत नाही? विनोद करेल, दांडी मारेल, तुला 'लोड घेतेस' म्हणेल. तुझी भीती परीक्षेच्या खोलीपर्यंत गेली तरी. त्याची वर्गाच्या दारातूनच परत फिरली, असा माझा तरी अंदाज.

मग मुलगी असण्याचा काहीच संबंध नाही? आहे, पण सर म्हणतात तिथे नाही. तुझ्या पत्रातल्या दोन ओळी पुन्हा वाच.

एक, 'मी नुसती मान डोलवत बसले'. बी-वनच्या बोलण्यात पहिला भाग दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचा असतो. आजारी मित्राला भेटायला जायचंय, कधी, कसं, काय न्यायचं, असं काहीतरी. परीक्षक व्याकरण बघतात, तसंच तुम्ही एकमेकांशी बोलताय का, समोरच्याचं पकडून पुढे नेताय का, हेही बघतात आणि त्याचे वेगळे गुण देतात. तू काय केलंस? समोरचा बोलतोय, त्याचं होऊ दे, मग आपण. हे वळण आहे, भित्रेपणा नव्हे. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, पुरुषमाणसाचं बोलणं तोडू नये, पाहुण्यांसमोर आवाज चढवू नये, हे आपल्याला इतकं मुरवलेलं असतं की परक्या भाषेतही ते आपल्याआधी जाऊन बसतं. घरात शहाणी ठरवणाऱ्या या सवयीचे तिथे मार्क कापले जातात.

दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. 'मनातल्या मनात वाक्यं म्हणते.' अगं, मग जर्मन बोललीस कधी? वर्गात पंधरा-वीस जणांत वाट्याला येतात दोन-चार मिनिटं, तीही कोरड्या घशाने. बाकी ट्रेनमध्ये कान, घरी डोळे, वहीत हात. भाऊ चार वाक्यं चुकीची का होईना, हॉलमध्ये मोठ्याने म्हणत असेल, त्याला कुणी गप्प बसवलं नसेल. दोन खोल्यांच्या घरात आवाज कुणाचा चालतो, हे ठरलेलं असतं. शीर सापडायला तू पुस्तक वाचून शिकलीस का? हाताला शिकावं लागलं. तसं हे जिभेला शिकावं लागतं आणि तुझ्या जिभेने सरावच केलेला नाही. म्हणून मला ५१ हा आकडा वाईट वाटत नाही. न बोलता ५१ आले!

आता मोठ्याने बोलायचं कुठे, हा ठाणे-कळव्यातला खरा प्रश्न. घरी जागा नाही, ट्रेनमध्ये लेडीज डब्यात लोक बघतात. पण कानाला फोन लावून चालणाऱ्या बाईकडे या शहरात कुणी ढुंकून बघत नाही. ड्यूटी सुटली की ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतर, तलावपाळीला एक फेरी मार, फोन कानाला आणि खुशाल जर्मन. पलीकडे कुणी नाही, हे कुणाला कळणार? संध्याकाळी तिथे इतका गोंगाट असतो की तुझं तुलाच ऐकू यायला आवाज चढवावा लागेल, आणि तेच हवंय.

बोलायचं काय? पुस्तकातले 'माझा आवडता छंद' बाजूला ठेव. रोज शिफ्ट संपताना तू पुढच्या नर्सला पेशंटची माहिती, म्हणजे हँडओव्हर, देतेस ना, तोच जर्मनमध्ये दे. चार नंबरचा पेशंट रात्री नीट झोपला नाही: 'डेअर पाट्सिएंट हाट श्लेश्ट गेश्लाफन.' ताप साडेअडतीस (सेल्सियस): 'आख्ट-उंट-ड्रायसिश कोमा फ्युन्फ'. ड्रेसिंग बदललं, नातेवाईक आले होते, डॉक्टर उद्या बघणार. (पेशंटचं नाव मात्र घ्यायचं नाही, तलावपाळीवरही नाही.) याचे दोन फायदे. मजकूर तुझ्या हातचा असतो, त्यामुळे काय बोलू हा प्रश्न पडत नाही, फक्त कसं बोलू एवढाच उरतो. आणि नर्स म्हणून तिथे मान्यता घ्यायला साधारण बी-टू, म्हणजे बी-वनच्या पुढची पातळी, लागते, पुढे वॉर्डातला हँडओव्हर तोंडीच द्यावा लागतो. म्हणजे हा सराव परीक्षेबरोबर संपणार नाही.

चुकशील. नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारं डेर-डी-डास चुकेल, 'वाइल' (कारण) म्हटल्यावर क्रियापद शेवटी न्यायचं राहील. चुकू दे. वॉर्डातल्या परप्रांतीय मावशींशी तू हिंदी बोलतेस, त्यात 'का' आणि 'की' बिनदिक्कत उलटसुलट होत असतील, तेव्हा घसा कोरडा पडतो का? नाही, कारण तिथे कुणी मार्क देत नाही. भीती बोलण्याची नाही, मोजलं जाण्याची आहे. ती पुरती जाणार नाही. तिच्यासकट बोलता यावं, एवढंच बघायचं.

मध्ये शिरायची वाक्यं मात्र पाठ हवीत, झोपेतून उठवलं तरी येतील अशी. 'दार्फ इश कुर्त्स एट्वास झागन?' मी जरा बोलू का? 'दा बिन इश आंडरर मायनुंग.' माझं मत वेगळं आहे. 'वास माइन्स्ट डू?' तुला काय वाटतं? शब्द अडला तर 'मोमेंट, मिअर फेल्ट दास वोर्ट निश्ट आइन'. शब्द अडल्याचं जर्मनमध्येच सांगणं हेही जर्मन बोलणंच झालं, परीक्षक ते जाणतात. नुसती शांतता मात्र त्यांना तपासता येत नाही.

सरांशीही बोल. भांडायला नको, मुलगे-मुली वाद तर मुळीच नको, त्यात संध्याकाळ जाईल. व्हॉट्सअॅपवर एवढंच लिही: 'सर, मी बोलत असताना मध्येच चूक सांगितलीत की पुढचं विसरते. बोलून झाल्यावर सांगाल का? मी लिहून घेईन. आणि मला विचारणार असाल तर आधी दोघादोघांत बोलायला पाच मिनिटं मिळाली तर बरं होईल.' चांगले शिक्षक ऐकतात. नाही ऐकलं तर बॅच बदल. फी भरली म्हणून सहन करायची गरज नाही.

एक गोष्ट झटपट. ही धडधड जर्मनपुरतीच आहे का, हे बघ. वॉर्डात, ट्रेनमध्ये, रात्री अंथरुणावरही ती येत असेल, झोप उडत असेल, तर हा भाषेचा प्रश्न राहत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. पत्रावरून तरी मला तसं वाटत नाही.

नाद सोडायचं डोक्यातून काढ आणि फक्त स्पीकिंगचा फॉर्म भर. तारीख अशी घे की हँडओव्हर जिभेवर रुळायला दोन महिने तरी मिळतील.

या दोन महिन्यांत पार्टनर म्हणून भावाला घे. त्याला 'तू पण घाबरतोस' असं चुकूनही म्हणू नकोस, तो उठून जाईल. म्हण, मला एक आगाऊ पार्टनर हवाय, जो मला बोलूच देणार नाही. हे काम तो आनंदाने करेल. तो धडाधड बोलेल, तू मध्ये शिरशील, तो परत तोडेल, तू 'दार्फ इश कुर्त्स' म्हणशील. वर्ग नाही, सर नाहीत, मार्क नाहीत, त्यामुळे त्याचंही जर्मन परत तोंडात येईल आणि बहिणीला मदत करतोय असं म्हणून त्याला ते करता येईल. घरी जमणार नाही, आई 'काय गोंधळ लावलाय' म्हणेल. रविवारी खारीगावच्या बाजूला चालायला जा दोघं. त्याने नाहीच ऐकलं तर बॅचमधल्या दुसऱ्या एखाद्या मुलीला विचार. तुझ्यासारखीच मान डोलवणारी कुणीतरी तिथे नक्की असेल, आणि मग आगाऊ पार्टनर व्हायची पाळी आलटून पालटून घ्या.